अंबाड्यातलं हॉल तिकीट

धरमपेठ, १२ एप्रिल १९७४, संध्याकाळ

आज शाळेत शिकवून घरी आले, तर सासूबाईंनी पुन्हा माझी पर्स पलंगावर उपडी केली. "काय लपवून राहिली वं? बी.ए.ची परीक्षा द्यायची नाही म्हटलं ना तुले!" मी म्हटलं, पाहा खुशाल. निघाला रुमाल आणि कंगवा.

हॉल तिकीट अंबाड्यात होतं. जुन्या काळ्या मोज्यात गळालेले केस भरून मी अंबाड्याची उशी केली आहे, आणि तिच्या पोटात एक चोरखिसा शिवला आहे. चार घड्या घातल्या की तिकीट बरोबर बसतं. फोटोवर घडी पडली असेल का? उद्या पेपरला हरकत घेतील का?

वर त्याच म्हणाल्या, "पदर घे वं डोक्यावर, बाहेर सासरे बसून राहिले." घेतला. अंबाडा आणखीच झाकला गेला!

पण मी लपवते काहून? अभ्यास माझा, घडी पडलेल्या फोटोतलं तोंडही माझंच.

ठरलं. उद्या सकाळी अंगणात, त्यांच्यासमोर, एकेक आकडा काढून अंबाडा सोडीन. तिकिटाची घडी तळहाताने सरळ करीन आणि पेपरला निघेन.

डोक्यावर पदर घेईन. उन्हासाठी.