देव बहिरा नाही

ती. ताईस,
धाकटीचा नमस्कार. आम्ही दोघं सुखरूप आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? बाबा नीट जेवतात ना?

यांना शाळेने सध्या घरी बसायला सांगितलंय. हाताला काम नाही म्हणून डब्यांची झाकणं इतकी घट्ट लावून ठेवतात की पीठ काढताना माझा जीव जातो. पेपर मी बंद केला. तेवढीच बचत.

'जावयाचं तोंड पाहणार नाही' हा बाबांचा निरोप पोचला. तू पेपर वाचून दाखवलास तेव्हा त्यांनी मथळाच ऐकला असणार: 'देव बहिरा आहे का? शिक्षकाचा सवाल'. ताई, यांनी भोंग्यांबद्दल पेपरात चार ओळींचं पत्र पाठवलं होतं. त्यात होतं, 'माझे सासरे आपल्या मुलींना सांगत, हळू म्हणा, देव बहिरा नाही.' पेपरवाल्यांनी सासरे गाळले आणि देवाला बहिरं केलं.

मी म्हटलं, "निदान खुलासा तरी द्या."

हे म्हणाले, "म्हणजे उद्या लोक त्यांच्या दारात जमतील. म्हातारा जीव आहे, राहू दे."

प्रार्थनेला आता माझ्या शेजारी कोणी बसत नाही.

हे पत्र बाबांना वाचून दाखवू नकोस. जावयावर रागावून ते झोपतील तरी. शब्द आपलेच होते हे कळलं, तर झोपायचे नाहीत.

मी रोज दिवा लावते आणि त्यांनी शिकवलं तसं हळूच म्हणते. ते कुठे पोचतं असं मात्र हल्ली वाटत नाही.

तुझीच,
धाकटी