भावकीत नसलेले डोळे

इस्लामपूर,
गुरुवार, दुपार

प्रिय जयराज,

हे पत्र मी लय दिवस टाळलं. कागद घेतला की कुठला तरी बाजार निघायचा, बाजार नसला की गाडी बिघडायची, आणि गाडी धड असली तर मीच काहीतरी खोडी काढून तिचे नटबोल्ट उघडून बसायचो. खरं सांगायचं तर भीती वाटत होती. माझा आणि प्रियूचा, म्हणजे तुझ्या बायकोचाही, असे दोन्ही नंबर तू ब्लॉक केलेस, तेव्हा कागदाशिवाय इलाज नाही. तुमच्या युनिटातला कुपवाडचा अरिहंत सुट्टी संपवून आज संध्याकाळी निघतोय. जाता जाता तो दारातून पत्र घेऊन जाणार आहे. त्यामुळं आज पळायला जागा राहिली नाही.

वर दाजी लिहिलं नाही, रागावू नकोस. साताऱ्याला भरतीच्या अकॅडमीत आपण एका ताटलीत जेवलोय. तू पळण्यात पहिला यायचास आणि मी मैदानाच्या कडेला उसाचा रस पीत बसायचो. माझ्या घाऱ्या डोळ्यांवरून मला मांजऱ्या हे नाव तूच दिलंस. पुढं तू वर्दी चढवलीस आणि मी जत्रेजत्रेत गॉगल विकायला लागलो. धंदा गमतीचा आहे. गॉगल घालून आरशात बघितलं की बुजरा माणूससुद्धा मान तिरकी करतो. परवा एका आजोबांनी तर... जाऊ दे. भलतीकडंच चाललो.

बाळ बरं आहे. उताणं निजवलं की पालथं पडतं आणि मग आपल्यालाच हाका मारतं. सहा महिने होत आले, अजून बारसं नाही. तुझी बहीण आत्या म्हणून येईल आणि कानात नाव सांगेल, या वाटेवर प्रियू डोळे लावून बसलेली. आता ती ते बोलतही नाही. आम्ही नुसतं बाळ म्हणतो. शेजारच्या बायका नाव विचारतात, तेव्हा माझी आई दुधाचं निमित्त काढून आत जाते.

बाळ जन्मलं तेव्हा सगळं हसण्यावारी गेलं होतं, आठवतं का? तू गव्हाळ, प्रियू चांगली सावळी, आणि पोरगं उजळ, त्यात डोळे घारे. तुझा फोन आला तेव्हा तूच म्हणालास, मांजऱ्यावर गेलं की रं. मी आठवडाभर गावातनं राजासारखा हिंडलो. कुणी म्हणायचं, डोळे होतील हळूहळू काळे. झाले नाहीत. तरी कुणाचं काही बिघडलं नव्हतं. बिघडवलं तुझ्या नानासोकाकांच्या ऋषिराजनं. बीएस्सीच्या पहिल्या वर्षात त्याला वाटाण्यांचा धडा असतो म्हणे. तुमच्या ओसरीवर बसून त्यानं चार चौकोन काढले. म्हणाला, घाऱ्या डोळ्याला दोन अर्धी लागतात, एक आईकडनं, एक बापाकडनं. आईकडं मामा घारा आहे, तेव्हा ते अर्धं जमलं. आता बापाकडचं दाखवा. मग नानासोंनी भावकी गोळा केली. तुझे तात्या, आजा, पणजा, चुलते, चुलतचुलते. भिंतीवरचे वर्दीतले फोटोसुद्धा खाली काढून पुसून बघितले. एकाचाही डोळा घारा निघाला नाही. शेवटी नानासो प्रियूला एवढंच म्हणाले, "पोरी, तूच सांग आता, हे दुसरं अर्धं कुठनं आलं?" त्याच दिवशी मी तिला घेऊन आलो. गाडीवर तुमच्या कऱ्हाडपासून इस्लामपूरपर्यंत ती पदर तोंडावर ओढून बसली होती. बाळ मात्र वाऱ्यानं खिदळत होतं.

या सगळ्यावर तुझं काय आलं? तीन शब्द. 'आई म्हणेल तसं.' आणि मग फोन बंद.

तुझी आई तर काहीच म्हणाली नाही. नानासो बोलत होते तेव्हा या शालूमामी उंबऱ्यापाशी बसून गव्हातले खडे वेचत होत्या. गहू स्वच्छ झाला तरी वेचत होत्या. तशा त्या माझ्याशी पहिल्यापासून तुटकच. प्रियूला बघायला आल्या तेव्हा मी चहा घेऊन समोर गेलो, त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि कप न घेताच मान वळवली. मला वाटलं, हिंडफिऱ्या पोरगा त्यांना आवडला नसेल. आवडण्यासारखं माझ्यात तसं काही नाहीही.

रक्त तपासून मोकळं व्हा, असं बरेच जण सुचवतात. मीही प्रियूला म्हणालो. ती म्हणाली, "दाद्या, रक्त दिलं म्हंजी शंका खरी धरली. कागद आला की हे मला घरात घेणार. मग मी कागदाची बायकू की माणसाची?" मी गाडीची किल्ली घेऊन बाहेर पडलो.

सांगलीला मोतीबिंदूच्या शिबिराबाहेर मी काळे गॉगल घेऊन बसतो. तिथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, अर्थात माझं नाव न सांगता, एका मित्राचं म्हणून. त्या हसल्या. म्हणाल्या, ऋषिराजचे चौकोन अगदीच खोटे नाहीत, पण माणूस म्हणजे वाटाणा नव्हे. कातडीच्या आणि डोळ्याच्या रंगाला एक धागा नसतो, पुष्कळ असतात. आपल्याकडं घाटावरची, कोकणातली, कर्नाटकातली, आणखी कुठकुठली माणसं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांत मिसळलेली. घारेपणा काळ्याभोर डोळ्यांच्या माणसात चार पिढ्या गुपचूप बसतो आणि जोडीदार भेटला की वर येतो. दिसत नाही म्हणजे नाही, असं धरू नका. मला वाटलं, मिटलं. घरी येऊन मी हे सगळं तालासुरात सांगितलं. प्रियू बाळाला पाजत होती. मान वर न करता म्हणाली, "भावकी मोजली सगळ्यांनी. त्यास्नी आजोळ न्हाई व्हय?"

जयराज, आता तूच बघ. तुझं अर्धं तात्यांकडनं आलं, तर दुसरं अर्धं कुणाकडनं? एवढी भावकी बसली, एवढे फोटो पुसले, ऋषिराजनं एवढे चौकोन काढले, आणि उंबऱ्यात बसलेल्या बाईला कुणी विचारलंच नाही की तुमच्या माहेरी कोण होतं.

मी तुझ्या आजोळच्या जत्रेत, लोणंदच्या अंगाला, पाल टाकलं. गॉगल विकायचा बहाणा. एक म्हातारा गॉगल घालून आरशात बघत होता. मी माझा गॉगल काढला तसा तो माझ्याकडंच बघत राहिला. म्हणाला, "आरं, हे डोळं मी बघितल्यात. आमच्या आळीतल्या राहीचं." मग मी कोण, कुठला, सगळं त्याला सांगून बसलो. माझ्या तोंडाला कुलूप नाही, तुला माहीतच आहे. त्यानं सांगितलं ते असं. घरात दोन पोरी, थोरली राही, धाकटी शालू. राही घारी. शालूला बघायला पाहुणे आले की राहीला मळ्यात पाठवायचे. एकदा पाहुणे अचानक आले तेव्हा तिला वैरणीच्या कोठीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. घारे डोळे तेव्हा अपशकुनी मानायचे; असले डोळे घरात आहेत कळलं तर धाकटीचंही जमणार नाही, ही धास्ती. तुमच्या घरी एकच मुलगी म्हणून सांगितलं. राहीला मागाहून शिरवळच्या बाजूला एका बिजवराला देऊन टाकली. त्यानंतर दोघी बहिणींची गाठ नाही.

मी गेलो शिरवळला. राहीबाई अंगणात शेंगा फोडत होत्या. त्यांना मोबाईलवर बाळाचा फोटो दाखवला. त्यांनी मोबाईल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. हनुवटी तुझ्या आईची आणि डोळे तुझ्या पोराचे. मी म्हटलं, मावशी, चला माझ्याबरोबर, नुसतं एकदा उभं राहा त्या ओसरीवर. त्या म्हणाल्या, "न्हाई लेकरा. मी समोर आले तर शालीला खोटं ठरवतील. या वयात तिचं घर मोडायचं व्हय? तिला काय बोलायचं न्हाई, शपथ घे." फोटो काढू म्हटलं तर पदर ओढून घेतला. निघताना एक काळा गॉगल त्यांना दिला. उन्हाला बरा पडंल म्हणाल्या आणि उशाखाली ठेवून दिला.

तर अशी अडचण आहे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी नानासो चार माणसं घेऊन फारकतीचं बोलायला येतायत. पुरावा मला सापडलाय आणि तोंड बांधलं गेलंय. शालूमामींशी बोलणार नाही, अशी शपथ मी घेतली. तुझ्याशी बोलणार नाही, अशी घेतलेली नाही. ही पळवाट आहे, कबूल. तेव्हा तूच आईला फोन कर. आरोप करू नकोस. एवढंच विचार, आई, तुझ्या माहेरी कोण कोण होतं? आणि त्याआधी प्रियूला फोन कर, कारण ती तुझ्या उत्तराची वाट बघत नाही, तुझी बघते.

इथवर लिहिलं आणि कडी वाजली. अरिहंत लवकर आला वाटलं. दार उघडलं तर तुझी आई. एकटी, एसटीनं आलेली, पिशवीत बाळाचं झबलं. त्या म्हाताऱ्यानं माहेराहून फोन केला होता म्हणे. आजवर जी बाई माझ्याकडं बघायची नाही, ती दारातच माझ्या डोळ्यांत बघत उभी राहिली. प्रियू आतून बाळाला घेऊन आली तरी त्यांची नजर हलली नाही. म्हणाल्या, "राही बरी हाय का रं? म्हातारी दिसती का लय?" मग खाली बसल्या, बाळाला मांडीवर घेतलं आणि हा कागद बघून विचारलं, जयाला लिहितोयस व्हय? मी हो म्हटलं. म्हणाल्या, "फोनवर माझी जीभ उचलत न्हाई. तू लिही." तू कळवलं होतंस ना, आई म्हणेल तसं? तर आई म्हणतेय, ती सांगतेय तसंच लिहितो: "जया, तुला एक मावशी हाय. माझी थोरली भन. तिचं नाव राही. बाळाचं डोळं आमच्या घरचं हायती. रविवारी नानासोभावजींच्या म्होरं मी बोलणार हाय. तू फोन लाव."

तुझाच,
मांजऱ्या