ब्याण्णवच्या आधीची नाणी

२६ जानेवारी, रविवार

तेवीस बरण्या. तेवीस घरांतून एकेक प्लॅस्टिकची गोळ्यांची बरणी, आणि सगळ्या आता माझ्या खोलीत. कारण मी ‘मोकळा’ असतो. आठवड्यातून चार दिवस पहाटे पाचपासून किराण्याच्या गोदामात खोकी रचतो, ते मोकळेपण.

योजना पप्पांची. घरोघरी एक आणि दोन पेनीची तांबडी नाणी पडून असतात, ती बरणीत टाकायची, महिन्याच्या शेवटच्या रविवारी हॅरोतल्या आपल्या मंडळाच्या हॉलवर आणायची. जमलेल्या पैशांतून नागपूरला वस्तीतल्या मुलांसाठी अभ्यासिका. भाषणही पप्पांचंच — शिक्षणाशिवाय माणूस उभा राहत नाही. मी पहिल्या रांगेत. अर्धवट शिकलेला, नीट उभा.

राकेशकाका खजिनदार. ते हसत म्हणाले, “सुभाषराव, मोजायला तुमचं पोरगं आहेच की. घरीच तर असते.”

पप्पा म्हणाले, “हो. जमेल तेवढं करेल.”

जमेल तेवढं.

नोटीस बोर्डावर ‘अभ्यासीका’ लिहिलं होतं. पेनने दुरुस्त केलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

२९ जानेवारी, बुधवार

बँकेच्या पिशवीत एक पाउंडाचीच नाणी लागतात — एकची शंभर किंवा दोनची पन्नास. दोन्ही पिशव्यांचं वजन सारखंच, ३५६ ग्रॅम. बँकेत मोजत नाहीत, फक्त काट्यावर ठेवतात. मी घरी आधी मोजली, मग वजन केलं, मग पुन्हा मोजली. आई म्हणाली, “माझ्या पिठाच्या काट्यावर नाणी? धुऊन ठेवशील तो.” धुतला. दोनदा.

बँकेच्या रांगेत मागे एक म्हातारा गोरा होता. माझ्या पिशव्यांकडे बघत म्हणाला, जुनी पेनी खरी तांब्याची असते, माहीत आहे का? ब्याण्णवनंतरची आतून पोलादाची, वरून नुसता मुलामा. “लोहचुंबक लावून बघ, बेटा.” त्याने ‘सन’ म्हटलं. मला इथे कुणी तसं म्हणत नाही, अगदी जे म्हणू शकतात तेही नाहीत.

३० जानेवारी, गुरुवार

फ्रिजवरचा एडिनबराच्या किल्ल्याचा मॅग्नेट काढून आणला. पप्पांनी ऑफिसच्या ट्रिपहून आणला होता. आमच्याच घरची बरणी ताटात ओतली.

खरंच! काही नाणी टकाटक चिकटतात, काही ढिम्म हलत नाहीत. वरून कळत नाही. रंग तोच, राणी तीच, वजनही तेच. जुनं किंचित पातळ असतं, पण ते शेजारी शेजारी ठेवल्यावर.

आमच्या बरणीत चारात एक जुनं निघालं. बाकीच्यांतही तसंच, चारात एक, कुठे पाचात एक.

५ फेब्रुवारी, बुधवार

सुरुवात करायची तर नीट करायची. आधी मॅग्नेट. जे चिकटत नाही त्याचं साल बघायचं. १९९१ आणि मागचं म्हणजे ब्राँझ, त्यात ९७ टक्के तांबं. १९९३ आणि पुढचं म्हणजे पोलाद. मध्ये १९९२ आहे. त्या साली एकच्या पेनी दोन्ही प्रकारच्या निघाल्या, त्यामुळे साल वाचून काही कळत नाही, मॅग्नेटच लागतो. १९९८ ची दोन पेनीही तशीच फसवी. पुसायची नाहीत, घासायची नाहीत. वितळवायचा तर प्रश्नच नाही, कायदा आहे. आणि मला वितळवायची नाहीतच. मला ती फक्त वेगळी हवी आहेत.

मंडळाच्या पैशांना हात लावायचा नाही, हे पहिल्या दिवशीच ठरवलं. पगारातले पाच पाउंड देऊन बँकेतून सुटी नाणी घेतली, संपली की पुन्हा घेईन. बरणीतलं एक जुनं काढलं की त्या जागी एक नवं टाकायचं. एकला एक, दोनला दोन. प्रत्येक अदलाबदल वहीत — तारीख, घर, साल.

८ फेब्रुवारी, शनिवार

गोदामात सांगायची चूक केली. आता तिथे माझं नाव ‘पेनी’.

१६ फेब्रुवारी, रविवार

१९९२ ची एकोणीस पाहिली. एकोणीसच्या एकोणीस चिकटली.

धाकटी बहीण तनू दारात उभी राहून बघत होती. तिचं वय तेरा, मराठी इथलं. “दादा, तू हे विकणार? मग मला एक नवा फोन मिळेल?” नाही म्हटलं. “मग व्हॉट्स द पॉइंट?” नंतर सुचलं — मॅग्नेट प्रमाणपत्र मागत नाही. पण हे तेरा वर्षांच्या मुलीला काय सांगायचं.

९ मार्च, रविवार

आज जेवताना पुन्हा. पप्पा आईला सांगत होते की मंडळातल्या अमक्याची मुलगी मेडिसिनला गेली. मग माझ्याकडे न बघता, “आपल्याकडे पेनी मोजतात.”

लिहूनच ठेवतो, म्हणजे डोक्यातून जाईल. मी बारावीत होतो. बोर्डाच्या परीक्षेला पाच महिने होते. मराठीच्या सरांनी माझी उत्तरपत्रिका वर्गात फिरवली होती, शुद्धलेखनाची एक चूक नाही म्हणून. तेव्हा पप्पांना हॅरोची नोकरी आली. मी म्हटलं, मला आत्याकडे ठेवा, परीक्षा देतो आणि येतो. पप्पा म्हणाले, व्हिसा सगळ्यांचा एकदम, तिथे उत्तम कॉलेजं आहेत. इथल्या कॉलेजने मला बेसिक इंग्लिशच्या वर्गात बसवलं, पंचेचाळिशीच्या बायकांबरोबर. दोन वर्षांनी सोडलं. मी सोडलं, हे सगळ्यांना माहीत आहे. आधी कुणी काय सोडायला लावलं, ते कुणी विचारत नाही.

आणि तेच पप्पा दर महिन्याला माईकसमोर उभे राहतात.

२३ मार्च, रविवार

चौदा पिशव्या झाल्या. पाच किलो. प्रत्येकीवर लेबल — ‘मंडळ, १९७१–१९९१’. मंडळाच्या बरण्यांतून आलेली, म्हणून मंडळ. पगाराच्या नाण्यांतली निघाली ती वेगळी, त्यांवर ‘बँक’. पलंगाखाली रचली आहेत.

ब्राँझचं ब्याण्णव अजून एकही नाही.

३० मार्च, रविवार

बूटही न काढता लिहितोय. अक्षर वाईट येईल. येऊ दे.

हॉलमध्ये प्रत्येक घराच्या नावाने जमा वाचून दाखवतात. ते झालं. चहाच्या आधी पप्पा उठले, गाडीतून कापडी पिशवी आणली आणि टेबलावर माझ्या पिशव्या मांडल्या. एकेक. चौदा. लेबलं लोकांकडे करून.

म्हणाले, “हे माझ्या घरात सापडलं. माझ्या मुलाच्या पलंगाखाली. यावर मंडळाचं नाव आहे. मी आधी इथे सांगतो, मग घरी विचारीन. घरचा माणूस म्हणून झाकणार नाही.”

पप्पांना सकाळी व्हॅक्यूम करताना सापडल्या होत्या. मी खालच्या मजल्यावर चहा पीत होतो. पंधरा पायऱ्या. पंधरा पायऱ्या उतरून विचारता आलं नाही?

साठ माणसं. तनू रडायला लागली. आईने मान खाली घातली. मी वही काढली, ती माझ्या पाठीवरच्या बॅगेत असतेच. राकेशकाकांना दिली. त्यांनी चष्मा लावला, बँकेच्या पावत्या काढल्या, वीस मिनिटं पानं उलटली. सगळे बसून.

“जमा बरोबर आहे,” ते म्हणाले. “पेनीचाही फरक नाही.” मग हसले. “पण काऊन बाप्पा, हा उद्योग कशासाठी?”

पप्पा एका पिशवीवरचं लेबल पुन्हा वाचत राहिले.

चंदाबाई आजी मागून म्हणाल्या, “एक काढलं अन् एक टाकलं, त् चोरी कशाची? पोराले इचारलं असतं त् त्यानंच सांगतलं असतं.” सगळ्या हॉलमधून तेवढंच एक वाक्य. तेही नव्वदीच्या जवळ आलेल्या, धड न दिसणाऱ्या बाईचं.

मी म्हटलं, “ठेवा सगळी. चौदाही. तुमचीच आहेत.” आणि चालत घरी आलो. अडीच मैल.

३१ मार्च, सोमवार

राकेशकाका म्हणे सकाळीच बँकेत गेले. चौदा पाउंड जमा. दोन महिने काट्यावरून गेले.

१ एप्रिल, मंगळवार

पप्पा गाडीजवळ म्हणाले, “पैसे घेतले नाहीस, मान्य. पण चांगलं ते काढून घेतलंस ना? विचारून घ्यायचं.”

संताप याचाच येतो की यात तथ्य आहे. विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर काय म्हणाले असते ते मला माहीत होतं, म्हणूनच विचारलं नाही. आणि ‘माझं चुकलं’ एवढे दोन शब्द त्यांच्याकडून आले नाहीत. साठ माणसांसमोर उभं करता येतं. गाडीजवळ, एकट्यात, दोन शब्द येत नाहीत.

१२ एप्रिल, शनिवार

किल्ल्याचा मॅग्नेट फ्रिजवर नाही. म्हणजे पप्पांना आता तोही नको. घरात त्याची खूणही नको.

तनूला विचारलं. जरा मोठ्यानेच विचारलं. “दादा, माझा चूक नाही! मी टच पण नाही केली!” दार आपटून गेली. तिच्यावर ओरडायला नको होतं. ज्याच्यावर ओरडायचं त्याच्यावर ओरडता येत नाही.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. गेलो नाही. ऑफिस, गोदाम कशाला सुट्टी नाही म्हणून कार्यक्रम संध्याकाळी होता. आईने ताटात खीर झाकून ठेवली होती. खाल्ली.

१९ एप्रिल, शनिवार

कुशचा फोन. नागपूरला माझ्या शाळेत होता, आता साउथहॅम्प्टनला बंदराजवळच्या गोदामात. म्हणाला, “ये ना बे. माणूस पाहिजे त्यांना. माझ्या रूममध्ये राह्य, अर्धं अर्धं.” हो म्हटलं. एवढ्या पटकन म्हटलं की त्यानेच पुन्हा एकदा विचारलं.

२४ एप्रिल, गुरुवार

घरात सांगितलं. आई: “तिकडे जेवणाचं काय?” पप्पा: “विचार केलास?” केला, म्हटलं. ते वर निघून गेले. त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर काळपट डाग आहेत, आई तीन आठवडे घासतेय. प्रिंटरची शाई म्हणे. आईला शर्टाची काळजी.

२७ एप्रिल, रविवार

महिन्याचा शेवटचा रविवार. ते तिघे हॉलवर गेले. मोजायचं आता राकेशकाकांकडे. ते डोळ्यांनी मोजतात, पिशव्या बँकेतून परत येतील.

तनू येऊन म्हणाली, “पप्पांनी आपला बरणी नेलाच नाही. सगळ्यांनी आणला, आपला नाही.” साहजिक आहे. आमच्या घराचं नाव ऐकायला लाज वाटत असणार.

३ मे, शनिवार

जेवताना पप्पांनी विचारलं, “ते ब्याण्णवचं काय म्हणालास तू तेव्हा? ते ओळखायचं कसं?” मी कधी काय म्हणालो? वहीत लिहिलं होतं. म्हणजे राकेशकाकांकडून परत आलेली वही यांनी वाचली. तीही न विचारता.

म्हटलं, “तुमचं शिक्षण जास्त आहे, तुम्हीच शोधा.”

आईने चमचा खाली ठेवला. पप्पा “बरं” म्हणाले आणि वरण वाढून घेतलं. मला वाटलं होतं बरं वाटेल. वाटलं नाही.

९ मे, शुक्रवार

बॅग भरली. दोन पँट, सहा शर्ट, शब्दकोश. रिकाम्या बँक पिशव्या फेकल्या. उद्या व्हिक्टोरियाहून अकरा चाळीसची कोच-बस आहे, म्हणजे घरून सव्वादहाच्या आत निघायचं. पप्पा म्हणाले, स्टेशनपर्यंत सोडतो. नको म्हटलं.

दारात बुटांच्या रॅकशेजारी घरची बरणी ठेवली आहे. काठोकाठ भरलेली. माझ्या वाटेतच. हलवायला गेलो तर दोन्ही हात लागले.

१० मे, शनिवार

पाणी घ्यायला फ्रिजकडे गेलो. किल्ल्याचा मॅग्नेट जागेवर आहे.

बरणीला सहज लावला. मग नाणी फरशीवर ओतली. मूठ मूठ घेऊन फिरवला. एकही चिकटलं नाही. एकही. आतापर्यंत तीनशे बारा झाली, त्यांत ब्याण्णवची चार.

साडेदहा वाजलेत. पप्पा पायरीवर बसले आहेत, बाहीवर नाण्यांचेच काळपट डाग. मोजतोय.