कोंडलेला महादेव आणि उडालेला मांडव

शुक्रवार, दुपार

मुरुमचे श्री. बलभीमराव व्याही यांना भागवतचा सपत्नीक रामराम.

विहीणबाईंचा गुडघा आता कसा आहे? त्यांना म्हणावं, लग्नात उभं राहायचं काम आमचं, त्यांनी फक्त बसायचं. आमच्या होणाऱ्या जावयाची, चि. कृष्णराजची सर्दी गेली असेल. इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत. मांडव तेवढा नाही. फोनच केला असता, पण कालच्या विजेनं टॉवर बसला, म्हणून हे पत्र उमरग्याच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती देतोय. (कंडक्टर ओळखीचा आहे, पण पत्रं वाचतो. त्यामुळं काही गोष्टी मोघम लिहिल्या आहेत.)

मार्चात बैठकीला तुम्ही म्हणाला होता, की पावसाच्या तोंडावर लग्न आहे, मुरुमला हॉल धरू. मी तेव्हा मिशीवर हात फिरवून म्हणालो, आमच्यात लेक दारातल्या मांडवातूनच सासरी जाते. आत्या तशी गेली, बहीण तशी गेली, आणि सोनाली तर एकुलती एक. तुम्ही थोर मनानं ऐकून घेतलंत. त्या शब्दाला जागण्यासाठी मी काय काय केलं ते तुमच्या कानावर असावं, म्हणजे उद्या दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून येणार नाही.

मृग कोरडा गेला, आर्द्रा निम्म्या होत आल्या, तेव्हा गावानं सोमवारी महादेव कोंडला. तुमच्याकडं ही रीत आहे का ठाऊक नाही. गाभाऱ्याची मोरी चिंध्यांचा बोळा घालून बंद करायची आणि पिंड बुडेपर्यंत घागरी ओतायच्या. पाऊस पडल्याशिवाय देवाला पाण्याबाहेर काढायचं नाही. देवाला गुदमरलं की तो वर निरोप धाडतो, असा हिशेब आहे. त्यात माझ्याही दोन घागरी होत्या. पाऊस मलाही हवा होता, फक्त रविवारचं लग्न झाल्यावर.

आणि बुधवारी मोबाईलवर हवामानाचा इशारा आला. धाराशिव, बीड, लातूर, विजांचा कडकडाट, ताशी पन्नास ते साठ किलोमीटर वारा, तुरळक ठिकाणी अतिवृष्टी. आता हे तुरळक ठिकाण नेमकं कुठं, ते कुणी सांगत नाही. गेली चार वर्षं ते आमच्या शिवाराच्या बरोब्बर पलीकडं असतं, त्यामुळं एरवी मी मनावर घेतलं नसतं. पण या खेपेला गाभारा भरलेला होता. आभाळ आणि देव दोघंही एका बाजूला झाले, तर माझ्या मांडवाचं काय होणार? मी रात्रभर विचार केला. हवामान खात्यावर माझा जोर चालणार नव्हता. मोरीच्या बोळ्यावर चालणार होता.

काल दुपारी मांडववाले शेवटचे दोर आवळत होते, गाव जेवून आडवं झालं होतं. मी देवळात गेलो, कोपरापर्यंत हात घातला आणि बोळा ओढला. (कंडक्टरसाहेब, हे गावात बोलू नये.) पाणी मुकाट्यानं जाईल अशी माझी समजूत होती. ते रवंथ करणाऱ्या म्हशीसारखा आवाज करत गेलं. सभामंडपात खांबाआड म्हाळसाबाई वाती वळत बसली होती. वय ऐंशी, एका डोळ्यात मोतीबिंदू, पण कान शाबूत.

"भागवता," ती म्हणाली, "देवाचा लई कळवळा आला व्हय रं?"

मी म्हणालो, बोळा घट्ट आहे का ते बघत होतो. "बघितलास न्हवं? आता भर," म्हातारी म्हणाली, आणि घागर माझ्याकडं ढकलली. हापसा देवळापासून शंभर पावलांवर आहे. मी घागरी आणत गेलो आणि ती वातींवर मोजत गेली. एकेचाळीस झाल्या. लग्नासाठी केस काळे केले होते, तो रंग घामानं मानेवर उतरला.

एकेचाळिसावी घागर ओतली, पिंड बुडाली, आणि टॉवरवर वीज पडली. मग जो पाऊस सुरू झाला, तसा आमच्या गावानं चार वर्षांत पाहिलेला नाही. माणसं देवळाकडं पळत आली, तर गाभाऱ्यात रिकामी घागर घेऊन मी एकटाच. म्हाळसाबाईनं फक्त एवढंच सांगितलं, की एकट्यानं एकेचाळीस ओतल्या. हे खरंच होतं. माझ्या सख्ख्या भावानं, बजरंगनं, मला खांद्यावर उचललं, कुणी गुलाल टाकला, कुणी नारळ दिला. खांद्यावर असल्यामुळं मांडव जाताना मला नीट दिसला. तो आधी एका बाजूनं उठला, मग सगळाच उठला, आणि शाळेवरून ओढ्याकडं गेला. लोक टाळ्या वाजवत होते, म्हणून मीही हात जोडून होतो.

कापड आता बाभळींवर आहे. मांडववाला मंगळवारशिवाय फिरकणार नाही. तेरखेड्याहून आणलेले फटाके भिजून गेले, पण आभाळानं आवाजात काही कमी पडू दिलं नाही. तेव्हा व्याहीबुवा, मार्चात मी जे बोललो ते मागं घेतो. मुरुमचा हॉल मोकळा असेल तर धरावा. मुलगी तिकडं घेऊन येतो. मिशीचं मी बघून घेईन.

कळावे, लोभ आहेच, तो पावसात भिजू नये.

आपला,
भागवत

ता. क. मुरुमला आमच्याकडून दीडशे माणूस येईल असं ठरलं होतं, ते चार धरावं. गुरुवारचा पाऊस म्हणजे रविवारी बरोबर वाफसा येतो आणि सगळं गाव पेरणीला जाणार. बजरंगही येत नाही. तो म्हणतो, "तूच पाऊस पाडलास, आता तूच निस्तर."

ता. क. दुसरा. पत्र सोनालीनं वाचलं. म्हणाली, "अप्पा, मांडव उडालाय, दार न्हाय उडालं. म्या इथनंच जाणार. सांजच्याला गाव रानातनं परत येतंयच की." मी तिला दटावायला तोंड उघडलं आणि रडलो. हे तुम्हाला लिहायचं कारण नव्हतं, पण पेन हातात होतं. तरी हॉलचा मजकूर वाचू नये (खोडायला गेलो तर कागद फाटतोय, आणि गाडी सुटायला आली आहे). मुहूर्त दुपारचा सोडून गोरजाचा धरावा आणि वऱ्हाड इकडंच आणावं. येताना तुमची उसाच्या ट्रॉलीची मोठी ताडपत्री आणावी. बुधवारच्या इशाऱ्यात रविवारही होताच. आभाळ आलं तर पोरांच्या डोक्यावर ती चौघांनी धरायची आहे. दोन टोकं बजरंग आणि भटजींचा भाऊ धरतील. तिसऱ्याला मी आहे. चौथं तुम्ही धरा.