तेजूची हळद, तीन हजार आठशे बारा वेळा

सानपाडा, मंगळवार

ती. गोटीराममामांस,

केतनचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आणि पुतळामामीची शुगर ताळ्यावर असेल असं धरून चालतो, कारण माझं डोकं कालपासून ताळ्यावर नाही. फोन करायची हिंमत नाही, म्हणून नमिताच्या हाती पत्र देतोय (भाचेसुनेवर तुम्ही आवाज चढवत नाही).

आमच्या ऑफिसात इंटरनेटवरच्या कार्यक्रमांच्या जाहिराती गोळा करून एका रांगेत लावतात आणि रांगेतून एकेक डेटाबेसमध्ये भरतात. हा डेटाबेस पाच शहरांतल्या पाच कॉम्प्युटरांत मिळून असतो. तिथे दर नव्या नोंदीला आमच्या आणखी एका सभासदाला त्या कार्यक्रमाचा मेसेज जातो. काल रांग तपासायला नमुना हवा होता. फोनमध्ये तुमच्या तेजूच्या शुक्रवारच्या हळदीची पत्रिका होती (तुम्हीच पाठवलेली, 'सर्वांनी जेवायला यावे' ठळक अक्षरांत). दिली लावून.

आता माझी अक्कल ऐका. आपल्यात समोरचा 'येतो' म्हणेपर्यंत बोलावणं थांबत नाही, आणि मामी तर पानावर आडवा हात धरेपर्यंत वाढत राहते. मी रांगेलाही तेच शिकवलं: 'पोचलं' असं पाचही कॉम्प्युटर म्हणेपर्यंत पुन्हा पाठव. त्यातला एक बंद पडलेला (आपल्या भावकीतही एक असतोच). तो बोलेना, रांग पाठवत राहिली आणि बाकीचे चौघे दर वेळी नवीन नोंद करत राहिले. मी चहाला गेलो होतो. परत येऊन आकडा पाहिला. तीन हजार आठशे बारा माणसांना जासईचं आमंत्रण गेलंय, तुमच्या घराच्या नकाशासकट. सहाशे जणांनी येतो म्हणून कळवलंय. एकाने मटण आहे की चिकन ते विचारलंय. मामा, तुमच्या दारातून आजवर कुणी उपाशी गेलं नाही, आणि आता माझ्यामुळे जाणार म्हणून मला घास उतरत नाही.

तुमचा भाचा,
केतन

ता. क. घाबरू नका, चूक दुरुस्त केली. आता मेसेज एकदाच जातो. लगेच त्याच रांगेतून 'जासईची हळद रद्द' असं सोडलं, म्हणजे परके लोक तरी येणार नाहीत. ते बरोबर एकदाच गेलं, एकाच माणसाला.

दुसरा ता. क. तो माणूस म्हणजे उरणचे बाबासो, तेजूचे होणारे सासरे. ते आमचे सभासद आहेत हे मला आज कळलं. हे मी तुमच्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षात बसून लिहितोय. त्यांच्या दोन गाड्या आत्ताच तुमच्या दाराकडे गेल्या, आणि नमिता खाली उतरायला तयार नाही. तेव्हा हे पत्र हातात देऊन समोर उभा आहे तो मीच. आधी त्यांना सांगा की हळद आहे. मला काय द्यायचं ते मग द्या.