टॉवेलाखालचा टीव्ही

औसा,
मंगळवार

तीर्थस्वरूप लक्ष्मीअक्का यांच्या चरणी शेषेरावाचा नमस्कार.

इकडे मी बरा आहे. गुडघा सोडला तर बाकीचे अवयव सांगितलेलं ऐकतात. तुमची साखर आता कशी आहे, हनुमंतराव साडूंनी तंबाखू खरोखर सोडली की फक्त तुमच्यासमोर सोडली, बिलोलीकडे सोयाबीन कसं आलं, हे सगळं सवडीने कळवावं. फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुमचा आवाज ऐकला की मला जे विचारायचं असतं ते राहून जातं, आणि आपण दोघं बराच वेळ पावसापाण्याचं बोलतो. म्हणून पत्र.

मागच्या खेपेला तुम्ही विचारलंत, टीव्ही लावला का. मी म्हणालो, लाइट नव्हती. त्याच्या आधीही लाइटच नव्हती. (औशात लाइट जाते, पण इतक्या नेमाने जात नाही.) टीव्ही लावला होता. काय झालं ते सविस्तर लिहितो.

टीव्ही उज्वलाने आणला हे तुम्हाला माहीत आहे. तेरवीला पाहुण्यांनी रीतीप्रमाणे दुखवट्याचे टोपी-टॉवेल आणले. माणसाची बायको गेली की त्याला टॉवेल का द्यायचा, हे मी आजवर कुणाला विचारलं नव्हतं. मीही दुसऱ्यांना देत आलो. आता माझ्याकडे एवढे टॉवेल आहेत की पुढच्या जन्मातही अंग कोरडं राहील. लेकीने मात्र भिंतीएवढा टीव्ही आणला. शेजारचे विरूपाक्ष गुरुजी (तुम्ही त्यांना ओळखता, शाळेतून निवृत्त झाले पण शिकवण्यातून नाही) तिला म्हणाले, दुखवट्याला टीव्ही कुणी आणतं का. उज्वला म्हणाली, "अप्पा दिवसभर भिंतीकडं बघून राहिलेत, गुरुजी. मग भिंतीवर कायतरी असू द्या की." मग गुरुजींनीच खिळे कुठे ठोकायचे ते शिकवलं.

लोक तेरवीनंतर टीव्ही लावतात. मी वर्षश्राद्ध होईपर्यंत लावायचा नाही असं ठरवलं आणि तुम्ही दिलेला निळ्या काठाचा टॉवेल त्याच्यावर टाकला. चूक इथे झाली. उज्वलाने त्यात मालिकांची सहा महिन्यांची वर्गणी भरून ठेवली होती. ती कुणी बघो न बघो, संपत जाते. वर्गणीला सुतक पाळता येत नाही. वर्षश्राद्धाची पंगत उठली, उज्वलाने सगळ्यांसमोर टॉवेल काढला, बटण दाबलं, आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं की आपली मुदत संपली आहे. पाहुणे ते वाचत हात पुसत उभे राहिले. कुणी हसलं नाही. मग मीच हसलो, कारण कुणीतरी हसणं भाग होतं. उज्वलाने पुन्हा वर्गणी भरली.

आता मला टीव्ही कशाला हवा होता ते सांगतो. तुमची बहीण ती आठची मालिका अर्धी टाकून गेली. लातूरच्या दवाखान्यात तिच्या वॉर्डात टीव्ही नव्हता, म्हणून तुम्ही रोज बिलोलीहून फोन करून त्या दिवशीचा भाग तिला सांगत होता. फोन मी तिच्या कानाशी धरायचो. मी मालिका बघणारा माणूस नाही, पण फोन धरणाऱ्यालाही कान असतात. थोरली सून ऋतुजा आजारी पडली, दवाखान्यात गेली, हळूहळू बरी झाली, घरी आली, सासूने तिच्या हातात किल्ल्या दिल्या, हे सगळं मला तुमच्याकडून ठाऊक. मग तुमची बहीण गेली. मी टॉवेल टाकून बसलो त्या वर्षात मालिकाही संपली. उज्वला म्हणाली, जुने सगळे भाग यात आहेत, कधीही बघा. तेव्हा मनात धरलं की पुढचं शेवटापर्यंत बघायचं, तिच्या वतीने. तिच्या वतीने करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

उज्वला लातूरला परत गेली आणि मी आणि टीव्ही असे दोघं राहिलो. रिमोट हातात घेतला तर त्यावर आकडेच नाहीत. गुरुजींना विचारलं, मालिका किती नंबरला लागते. ते म्हणाले, आता नंबर नसतो. एवढं सांगून ते त्यांच्या ओट्यावर गेले. मी हातपाय धुतले, टीव्ही चालू केला आणि आठ वाजायची वाट बघत बसलो. आठ वाजले. पडद्यावर छोटी छोटी चित्रं होती ती तशीच राहिली. साडेआठला बंद केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला वाटलं, गाडी लेट असेल. (अक्का, मी सगळी नोकरी औशाच्या बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून केली. वेळ झाली की गाडी लागते, तुम्ही असा नसा, आणि वेळ झाली की ती सुटते, हे माझ्या हाडात आहे.) शेवटी उज्वलाला फोन केला. तिने समजावलं की या टीव्हीत वेळ नसते, आपण बटण दाबलं की सुरू होतं, उठलो की थांबतं, पुन्हा बसलो की तिथूनच पुढे चालू. मला ते पटायला वेळ लागला. आपण बसल्याशिवाय सुटत नाही अशी गाडी मी पाहिलेली नव्हती.

मग ते बोलायचं बटण. रिमोटवर माइकचं चित्र आहे, ते दाबून जे हवं ते सांगायचं. माइक म्हटल्यावर माझा गळा आपोआप बसस्टँडचा झाला. मी खाकरलो, मालिकेचं नाव सांगितलं, आणि सवयीप्रमाणे सगळं वाक्य पुन्हा एकदा म्हटलं. टीव्हीने मला लातूर-सोलापूर रस्त्याच्या कामाचा एक व्हिडिओ दाखवला. तोही मी पाहिला; आपल्या वळणावरचा पूल त्यात चांगला दिसतो. पुन्हा सांगितलं तर कुणीतरी बसमध्ये भांडत होतं. माझ्या आवाजात त्याला काय ऐकू येत होतं कोण जाणे. उज्वला फोनवर म्हणाली, "अप्पा, समोर प्लॅटफॉर्म न्हाई. एकदाच सांगा, अन् घरात बोलल्यासारखं बोला." घरात बोलल्यासारखं बोलायची माझी सवय गेली होती. थोडी तालीम केली.

आणखी एक. हा टीव्ही लावला की तो पहिल्यांदा विचारतो, कोण पाहत आहे. खाली एकच चेहरा आणि माझं नाव. घरात एक माणूस असताना रोज हा प्रश्न विचारायची काय गरज आहे? मी गुरुजींना तसं म्हणालो. गुरुजींनी बराच वेळ खटपट करून माझ्या शेजारी स्वतःचं नाव चढवलं, रेशनकार्डावर चढवावं तसं. म्हणाले, "एकटं नाव बरं दिसत न्हाई, शेषेराव." त्यांना हसरा चेहरा मिळाला आहे. मूळ चेहऱ्याशी त्याचा काही संबंध नाही.

शेवटी मालिका सापडली. उज्वलाने रविवारी येऊन, तिची आई दवाखान्यात भरती झाली त्या आठवड्याचा भाग लावून दिला. म्हटलं, तिथपासून बघत गेलो तर तुमच्या तोंडून ऐकलेलं डोळ्यांनी दिसेल आणि मग पुढचं लागेल. ऋतुजा दवाखान्यात पडली होती, ते बरोबर. नाकात नळी, ओठांना लाली. (तुमच्या बहिणीने ती लाली पाहिली असती तर काहीतरी बोलली असती.) आणि पुढच्याच भागात ती गेली.

मला वाटलं, चुकीचं बटण दाबलं गेलं. मागे गेलो, पुढे आलो, पुन्हा मागे गेलो. प्रत्येक वेळी ती गेली. मग फोटो, फोटोला हार, नवरा दाढी वाढवून खिडकीत उभा. जाहिरात आली. जाहिरात संपली तेव्हा पडद्यावर लिहिलं होतं, पाच वर्षांनंतर, आणि तो दाढी करून दुसरी बायको घेऊन दारात उभा होता. मी वर्षभर टॉवेल टाकून बसलो. त्याला साबणाची एक जाहिरात पुरली.

खरं तर मला शंका त्या वेळीच यायला हवी होती. तो केवढा बंगला आहे, अक्का. बायका घरात जरीची लुगडी नेसून जिना उतरतात. आणि तुमच्या सांगण्यातली ऋतुजा बरी झाल्यावर ताक-कण्या जेवत होती, माळवदावर सांडगे घालत होती, तिचा दीर तुमच्या तिकडच्या देगलूरच्या गाडीला जागा धरायला पळत होता. तिच्या उशाशी तिची थोरली बहीण बसून असायची, तिचे पाय चेपायची आणि तिला रागवायची. मालिकेत ऋतुजाला बहीणच नाही. मी नीट बघितलं.

तुमचा गुडघ्याचा त्रास तेव्हा वाढला होता, तुम्हाला लातूरला येणं झालं नाही, हे मला माहीत आहे. तुम्ही रोज आठ वाजता काय करत होता ते मला आत्ता कळलं.

मी रिमोट खाली ठेवला आणि टॉवेल पुन्हा टाकला. गुरुजींना मी टीव्ही बिघडल्याचं सांगितलं आहे. त्यांना ते पटलेलं नाही. ते रोज येऊन दुसरी बायको स्वभावाने कशी निघाली ते विचारतात. मला त्या बाईबद्दल काही म्हणायचं नाही.

साडूंना नमस्कार सांगा. स्वतःला जपा. चुलीपुढे फार बसू नका. बाकी सगळं ठीक.

तुमचा,
शेषेराव

ता. क. तुम्ही तिला फसवलंत असं मनात आणू नका, म्हणून हे लिहितो. तिच्या शेजारच्या खाटेवर धुरपताबाई म्हणून एक बाई होत्या. त्या हीच मालिका मोबाइलवर मोठ्या आवाजात बघायच्या. एका संध्याकाळी त्या बघता बघता हमसून रडायला लागल्या. मला वाटलं, त्यांच्या घरचं काही झालं. तुमची बहीण मान वळवून त्यांच्या मोबाइलकडे बघत होती. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "आवाज बारीक कर, माय. माझ्या अक्काचा फोन येणार हाय." तेवढ्यात तुमचा फोन आला. तुम्ही सांगितलंत की आज ऋतुजाला पेज पचली आणि ती उठून बसली. मी फोन धरला होता, त्यामुळे तिचा चेहरा माझ्या अगदी जवळ होता. ती म्हणाली, "बरं झालं. मग पुढं?" तो आणि त्याच्या पुढचा प्रत्येक भाग तिने माहीत असून ऐकला. त्या दिवशी मला यातलं काही कळलं नव्हतं.

ता. क. आणखी एक. तुमच्या शेवटच्या फोनमध्ये ऋतुजा बहिणीला भेटायला निघाली होती. खिडकीजवळची जागा मिळाली, मांडीवर पिशवी, पिशवीत सांडगे, गाडी सुटली, इथवर तुम्ही सांगितलंत आणि बाकी उद्या म्हणालात. माझ्याकडे गाडी सुटल्याची खबर आहे, पोचल्याची नाही. मी रोज आठ वाजता फोन घेऊन बसेन. लाइट असेल.