धरणाखालचं घर भावाला

मी, धरण खात्यातून निवृत्त झालेली मुख्य अभियंता, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. भावाला तरीही शंका असेल, तर त्याने आधी स्वतःचं तपासून घ्यावं.

१. बँकेतली सर्व शिल्लक मुलीला. त्यातून तिने टेकडीवर घर घ्यावं. माझं करायला ती इथे आली आणि आता हलायला तयार नाही. "आई, मामा म्हणतो धरणाची भिंत भक्कम आहे. तू उगाच घोर लावून घेतेस," असं मलाच ऐकवते. तिची लेक खालच्या खोलीत झोपते. त्या विचाराने माझा डोळा लागत नाही.

२. माझी हातोडी धरणावरच्या आताच्या अभियंत्याला. दरवाजांचे बोल्ट ठोकून पाहावेत. आवाज बद्द आला, तर विचारायला मी नसेन.

३. मामा म्हणजे माझा धाकटा भाऊ, माजी अर्थमंत्री. सरकारने जमेपेक्षा जास्त खर्च करूच नये, हा कायदा त्याचा. हेतू वाईट नव्हता. आधीच्यांनी कर्ज काढून चैन केली आणि फेड नातवंडांच्या माथी मारली, म्हणून मीही टाळ्या वाजवल्या. पण या कायद्याला कर्ज दिसतं, गंज दिसत नाही. वर्षअखेर आली की मेळ बसवायला दरवाजांची दुरुस्ती पुढे ढकलतात आणि गंजावर रंग मारतात. रंग किरकोळ खर्चात बसतो. दुरुस्तीपुरती कर्जाची मुभा मागायला मी गेले, तेव्हा भाऊ म्हणाला, "ताई, एकदा सूट दिली की सगळेच रांग लावतील. आणि इतकी वर्षं काही झालं का?" तो राग माझ्या मनातून गेलेला नाही.

४. म्हणून हे घर भावाला. अट एकच: धरण भरलेलं असेल त्या दिवसांत त्याने खालच्या खोलीत झोपावं. नको असेल तर तसं सांगायला तो मोकळा आहे. मग घर मुलीचं. मात्र तो नकार, कारणासकट, त्याने माझ्या मुलीसमोर बसून स्वतःच्या तोंडाने सांगावा. मामाचा शब्द ती ऐकते.

सही: मृत्युपत्र करणारी
आमच्यादेखत सही झाली: १. घरचे डॉक्टर २. शेजारच्या निवृत्त शिक्षिका

स्थळ: धरणाखालचं घर, वरचा मजला
दिनांक: आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस. खिडकी लावून घेतली आहे, तरी ताज्या रंगाचा वास येतो आहे.